गांडुळं झाकणाला येऊन चिकटतायत, उन्हाळ्यात जगवायची कशी? (जळगाव)

पिंप्राळ्याचं_अंगण (प्रश्न)

नमस्कार सगळ्यांना. आम्ही जळगावला पिंप्राळ्याकडे राहतो, रो हाऊस आहे, मागे छोटंसं अंगण. दिवाळी झाल्यावर मी घरच्या ओल्या कचऱ्याचं गांडूळखत सुरू केलं. मोठा प्लॅस्टिकचा टब, खाली आणि बाजूला भोकं पाडलेली, तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर कोकोपीट आणि जुनं शेण, आणि एका शेतकरी दादांकडून आणलेली साधारण किलोभर गांडुळं. थंडीभर इतकं छान चाललं की काय सांगू, भरिताच्या वांग्यांची देठं, मेथीच्या काड्या, पपईची सालं, चहाचा चोथा सगळं गायब व्हायचं आणि वासाचं तर नाव नाही. त्या खतावर कुंडीतली कोथिंबीर अशी आली की शेजारच्या काकू रोज बघायला यायच्या.

आता मार्च संपत आलाय आणि सगळं बिघडलंय. झाकण उचललं की आतल्या बाजूला गांडुळांचे गुच्छच्या गुच्छ चिकटलेले असतात, काही तर भोकांतून बाहेर पडून फरशीवर सुकून मरतायत. टबात मनगटापर्यंत हात घातला तर आतून चक्क कोमट लागतं. आणि नवीनच प्रकार म्हणजे जाड, चपट्या, मातकट रंगाच्या अळ्या झाल्यात, अंगावर आडव्या वळ्या असलेल्या, आणि त्या इतक्या हावरट आहेत की संध्याकाळी टाकलेली भोपळ्याची सालं सकाळी नसतात. सासूबाई रोज सकाळी ती बाहेर पडलेली गांडुळं केळीच्या पानावर उचलून परत आत सोडतात, म्हणतात आपण आणलेले जीव आहेत, आपल्या दारात मरायला नको. मलाही खूप वाईट वाटतं.

तर प्रश्न असे की
- जळगावच्या मे महिन्यात गांडुळं घरी जगतात का मुळात? की आत्ताच कुणाच्या शेतात नेऊन सोडू?
- त्या अळ्या कसल्या, त्या गांडुळं खातात का?
- आमच्याकडे नळाला दोन दिवसाआड पाणी येतं त्यामुळे रोज बादलीभर पाणी ओतणं शक्य नाही. आरओचं जे पाणी वाया जातं ते टाकलं तर चालेल का?

कुणी खान्देशातच करत असेल तर प्लीज सांगा. नेटवरचं सगळं वाचून झालं पण ते थंड गावांतल्या लोकांनी लिहिलेलं आहे, ४४-४५ डिग्रीचं कुणी बोलतच नाही.

भुसावळ_कॉलनी

ताई, जगतात. आमच्या भुसावळात जगतात म्हणजे तुमच्याकडे नक्कीच जगतील. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की करा, इथे उन्हाळ्यात खत बनवायचं नसतं, गांडुळं जगवायची असतात. खताचं काम थंडीत आणि पावसाळ्यात. एकदा हे मान्य केलं की बाकीचं सोपं आहे.

आता टब आतून गरम का होतोय ते सांगतो. एक तर बाहेरचं ऊन, दुसरं म्हणजे ओला कचरा जाड थरात पडला की तो कुजताना स्वतःची उष्णता सोडतो, आणि तिसरं त्या अळ्या, त्या शेकड्यांनी एका जागी वळवळायला लागल्या की त्याही थर तापवतात. आपल्याकडे जास्त करून जी लाल गांडुळं मिळतात, आयसेनिया फेटिडा, त्यांना १५ ते २५ डिग्री मानवतं, ३० च्या वर त्यांचं खाणं मंदावतं आणि ३५ पार झालं की मरायला लागतात. लक्षात घ्या, हे तापमान टबाच्या आतलं, हवेचं नाही. हवा ४५ असली तरी आतला थर २८-२९ ला ठेवता येतो, आणि ते आपल्याकडे जमतं कारण आपला उन्हाळा कोरडा आहे. कूलर जे करतो तेच करायचं. ओलं गोणपाट, त्यावरून वाहती हवा, पाणी उडून जाताना गारवा देऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती चालत नाही, इथे चालते.

म्हणून पहिलं काम, ते प्लॅस्टिकचं झाकण काढून टाका. त्याने आतली वाफ आतच राहते. त्याऐवजी थरावर थेट ओलं गोणपाट अंथरा, दुहेरी घडी करून, आणि टबाच्या बाजूंनाही एक गुंडाळा. दुसरं, टब जिन्याखाली किंवा घराच्या उत्तरेच्या भिंतीला हलवा, पश्चिमेची भिंत तर अजिबात नको, ती रात्री बारापर्यंत तापलेली असते. आणि बंद खोलीत ठेवू नका, वारं पाहिजे. जमलं तर टब जमिनीत निम्मा पुरा, किंवा कुंभाराकडून रुंद तोंडाचा मातीचा माठ आणून त्यात हलवा. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं त्यामुळे तो स्वतःच गार राहतो. मी तरी प्लॅस्टिक पूर्ण सोडलंय आता.

आरओचं वाया जाणारं पाणी नको. त्यात क्षार जास्त असतात आणि गांडूळ कातडीने श्वास घेतं, त्याला ते झोंबतं. तसंच कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी पण नको, पाणी उडून जाऊन मीठ तिथेच साठत राहिलेलं असतं. त्यापेक्षा तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी वापरा, ते रोज घरात निघतंच आणि दोन तांब्यात काम भागतं. पाणी थरावर ओतायचं नाही, गोणपाटावर शिंपडायचं, सकाळी एकदा आणि दुपारी दोनच्या आसपास एकदा. थरातला मुठीभर माल घेऊन जोरात दाबला तर बोटांतून एक-दोन थेंब आले पाहिजेत, धार लागली तर जास्त झालं.

रावेर_केळीवाला

राम राम भो सगळ्यांना. ताई, टेन्शन लेऊ नका, तुम्ही केळीच्या जिल्ह्यात राहता आणि उन्हाळ्याचं औषध शेताशेतात पडलेलं आहे.

घड कापला की केळीचा खांब शेतकऱ्याला अडचणच असते, बांधावर ढीग लागलेले असतात. त्या खांबात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. हातभर लांबीचा तुकडा घ्या, उभा चिरून दोन फाका करा आणि कापलेली बाजू खाली करून थरावर ठेवून द्या, त्यावर गोणपाट. बाकी काही करायचं नाही. दोन-तीन दिवसांनी फाक उलटून बघा, खांबाचे ते जाळीचे कप्पे असतात ना, प्रत्येक कप्प्यात गांडूळ जाऊन बसलेलं दिसेल, पांढऱ्या जाळीत लाल लाल, बघतच राहावं असं असतं. खांब हळूहळू पाणी सोडतो, खालचा थर गार राहतो आणि गांडुळं तोच खात राहतात. साताठ दिवसांत तो मऊ होऊन काळा पडतो, मग दुसरा ठेवायचा. आमच्या शेडवर मे महिन्यात आम्ही शेणावर दुसरं काहीच टाकत नाही, फक्त खांब.

दोन गोष्टी सांभाळा. खांबाचे बारीक तुकडे करून ढीग घालू नका, त्याने तो आंबतो आणि उलटा गरम होतो. आणि ज्या बागेत बुंध्याशी कीडनाशक ओतलंय तिथला खांब घेऊ नका, शेतकऱ्याला सरळ विचारा, तो खरं सांगतो. शेणाचंही तसंच, जनावराला जंताचं औषध पाजलेलं असेल तर ते शेण काही आठवडे गांडुळाला घालू नये, औषधाचा अंश शेणात उतरतो. ताजं शेण तर कधीच नको, पंधरा-वीस दिवस मोकळं पडलेलं, गरमी निघून गेलेलं पाहिजे.

आणि शेतात नेऊन सोडायचा विचार करू नका. ही गांडुळं कचऱ्यात राहणारी आहेत, वरच्या वर. आपल्या काळ्या मातीत खोल बिळं करणारी जात वेगळी. मेच्या भेगाळलेल्या रानात सोडली तर दोन दिवस टिकणार नाहीत.

धुळे_गच्चीवाला

मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. घर लहान असेल, दोघंही नोकरीला जात असतील तर उन्हाळ्यात स्वयंपाकघराचा कचरा गांडुळांना देणं पूर्ण बंद करा. एप्रिल ते जून तो कचरा वेगळ्या बादलीत साध्या पद्धतीने कुजवा, ओला कचरा एक ओंजळ की त्यावर वाळलेल्या पानांच्या दोन ओंजळी, आठवड्यातून एकदा खालीवर. आपल्या उन्हात तो छान तापतो, आणि तिथे तापणं चांगलंच, कचरा पटकन कुजतो. गांडुळांना फक्त जुनं शेण आणि ते केळीवाले दादा म्हणतात तसा खांब. मग श्रावणातल्या कानबाईच्या सणानंतर पाऊस स्थिरावला की बादलीतला अर्धवट कुजलेला माल थोडा थोडा गांडुळांना द्यायला लागायचं, त्यांना तो ताज्या कचऱ्यापेक्षा जास्त आवडतो.

आता त्या अळ्या. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या आहेत, घरमाशीच्या नाहीत. त्या गांडुळं खात नाहीत. त्यांची मोठी माशी तर काही खातच नाही, घरात अन्नावर बसत नाही, त्यामुळे रोगराईची भीती नको. उलट परदेशात आणि आपल्याकडेही लोक मुद्दाम त्या अळ्या पाळून कचरा जिरवतात, कोंबड्यांना माशांना खाद्य म्हणून देतात. पण गांडुळांच्या टबात त्या नको, कारण दोन, एक म्हणजे गांडुळांचं खाणं त्या संपवतात आणि दुसरं भुसावळवाल्या दादांनी लिहिलंय ते, उष्णता. उपाय औषध मारणं नाही. ओला कचरा वर उघडा पडलेला असला की माशी कडेला येऊन अंडी घालते, तेव्हा कचरा बंद करा, वर वाळलेल्या पानांचा चांगला चार बोटं थर द्या. आहेत त्या अळ्या मोठ्या होऊन काळ्या पडतात आणि आपण होऊन बाहेर निघून जातात. किंवा पपईचं अर्धं साल पालथं ठेवा, रात्रीतून सगळ्या त्याखाली जमतात, सकाळी सालासकट उचलून त्या साध्या कुजवण्याच्या बादलीत टाका. तिथे काम करू द्या त्यांना.

पिंप्राळ्याचं_अंगण

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. आजच झाकण काढून गोणपाट टाकलं आणि टब जिन्याखाली नेला. मिस्टर उद्या नशिराबादकडून खांब आणणार आहेत, औषधाचं विचारूनच आणा म्हटलंय.

पण अजून एक विचारायचं होतं. फ्रीजमध्ये पाण्याची बाटली गोठवून टबात ठेवा असं एका व्हिडिओत होतं, ते करू का? आणि त्या शेतकरी दादांनी सांगितलं होतं की यात दोन-तीन जाती मिक्स आहेत. मला खरंच काही अगदी पातळ आणि चपळ दिसतात, काही चांगली वीतभर लांब. सगळ्यात आधी बाहेर पळतात ती पातळवाली. आणि खाली ताटलीत जे काळं पाणी जमतं ते वर्मीवॉश समजून मी मिरचीच्या रोपांवर फवारते, ते बरोबर आहे ना?

शहादा_शाळेची_बाग

ताई, मी शाळेत मुलांबरोबर हे करते, आमच्याकडे गांडुळांचे हौद आहेत म्हणून लिहितेय.

जाती ओळखायला सोप्या आहेत. अंगावर लाल आणि फिकट असे पट्टे एकाआड एक दिसतात ती आयसेनिया. वीतभर, जाड, जांभळट तपकिरी ती आफ्रिकन, युड्रिलस युजेनी, ती खाते भरपूर आणि थोडी गरमीही सोसते, पण थंडीत गारठते. आणि ती पातळ, चपळ, उजेडात निळसर चमक मारणारी असेल तर बहुधा पेरियोनिक्स, आपली भारतीय जात, तिला तिघांत सगळ्यात जास्त उष्णता सोसते. पण तिला जागा सोडायची फार सवय, वातावरण बदललं, पहिला पाऊस यायचा झाला की रात्रीतून निघून जाते. त्यामुळे ती पळाली म्हणजे सगळं बिघडलं असं समजू नका. पट्टेवाली आणि जाडवाली झाकणाला यायला लागली तर मात्र आत काहीतरी सोसवेनासं झालंय, गरमी किंवा आंबटपणा किंवा फार ओल. गांडूळ उजेडाला घाबरतं, ते उगाच वर येत नाही.

रात्री बाहेर पडत असतील तर एक करून बघा, तिथे रात्रभर छोटा बल्ब लावा. उजेडामुळे ती आतच राहतात. पहिले काही दिवस, नवीन जागेची सवय होईपर्यंत.

बर्फाची बाटली अगदी गळ्याशी आलं तर ठेवा, ४५ च्या वर गेलेल्या दिवशी, पण एका कोपऱ्यात. म्हणजे ज्याला गारवा हवा तो तिकडे सरकेल. रोजचा उपाय तो नाही, लाइट गेली की संपलं. गोणपाटाला लाइट लागत नाही.

ते काळं पाणी मिरचीवर फवारू नका, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. पूर्ण तयार झालेल्या खतातून, गांडुळांच्या थरातून स्वच्छ पाणी मुद्दाम झिरपवून काढतात ते वर्मीवॉश. कचऱ्याच्या टबातून आपोआप गळतं ते कचऱ्याचं पाणी, त्यात न कुजलेलं बरंच काही असतं, जंतू असतात. वास येत नसेल तर दहापट पाणी घालून फुलझाडाच्या मुळाशी द्या, खायच्या पानांवर नको. आणि टबातून असं पाणी गळतंय म्हणजे ओल जास्तच आहे, पुठ्ठ्याचे तुकडे फाडून मिसळा. वांग्याच्या, अंड्याच्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा चालतो, चकचकीत छापील नको.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना हेही सांगा की थरात मोहरीपेक्षा थोडे मोठे पिवळट दाणे दिसले तर ते टाकू नका, ती गांडुळांची अंडी आहेत, कोकून म्हणतात. एकेका दाण्यातून दोन-चार पिल्लं निघतात, आणि मोठी गांडुळं मेली तरी हे दाणे कोरड आणि उष्णता त्यांच्यापेक्षा जास्त सोसतात. मे महिन्यात सगळं मेलेलं दिसलं म्हणून लोक हौदच रिकामा करतात, तो माल नुसता सावलीत ओलसर ठेवला असता तर जुलैत परत भरला असता. आमचा एक हौद असाच परत उभा राहिला, मुलांनी भिंगातून पांढरी पिल्लं पाहिली तेव्हा वर्गात कुणी बसायला तयार नव्हतं.

भुसावळ_कॉलनी

शहाद्याच्या ताईंनी कोकूनचं लिहिलं ते लाख बोललात, हे कुणी सांगतच नाही.

मुंग्यांचं राहिलं. उन्हाळ्यात थर जरा कोरडा पडला की काळ्या मुंग्या घर करतात. टबाखाली चार विटा आणि प्रत्येक विटेखाली पाण्याची पसरट वाटी ठेवा. मुंग्यांचा खडू किंवा पावडर टबाच्या आसपाससुद्धा नको, ते कीडनाशकच आहे. आणि वरून बारीक जाळी बांधा, चिचुंद्री एका रात्रीत निम्मा टब खाऊन जाते.

पिंप्राळ्याचं_अंगण

थोडी खबर देते. खांबाची फाक ठेवली होती ती काल उलटली, दादा तुम्ही म्हणालात अगदी तसंच, कप्प्याकप्प्यात बसलीयत! सासूबाईंनी शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं. झाकणाला आता कुणी नाही कारण झाकणच नाही, पण बाहेर पडणंही जवळपास थांबलंय. आत हात घातला तर गार लागतं. अळ्या कमी झाल्यात, पपईच्या सालाने खरंच काम केलं, आणि त्यांच्यासाठी वेगळी बादली केलीय.

आता पुढची काळजी आखाजीची (अक्षय्य तृतीयेची). दोन्ही नणंदा येतात, पोरंसोरं धरून घर भरतं, रोज आमरस. साली आणि कोयी पाटीभर निघतात. हे सगळं कुठे घालू? घंटागाडीत टाकायचं जिवावर येतं आता.

धुळे_गच्चीवाला

गांडुळांना आंब्याची सालं अजिबात नको या दिवसांत. गोड आणि ओलं, लगेच आंबतं, त्या बारीक चिलटांचा थवा उठतो आणि थर आंबट होतो. सगळी त्या कुजवण्याच्या बादलीत, पण त्याच्या आधी सालं गच्चीवर एक दिवस उन्हात पसरा. आपलं ऊन इतकं आहे की संध्याकाळपर्यंत कडकडीत होतात आणि पाटीचं ताटभर होतं. मग ती चुरून वाळलेल्या पानांसारखी वापरता येतात, पावसाळ्यात नेमकी कोरड्या मालाचीच टंचाई असते तेव्हा पोत्यात भरून ठेवा. कलिंगडाचं पण तेच करा, फक्त बारीक चिरून. कोयी लवकर कुजत नाहीत, त्या वेगळ्या काढा. आमच्याकडे आम्ही गावरान आंब्याच्या कोयी धुवून ठेवतो आणि पाऊस पडला की शेताच्या बांधाला लावतो.

आणि पुरणाचं, तळणाचं, शेवभाजीच्या रश्श्याचं उरलेलं कशातच टाकू नका. तेल-मिठाने गांडुळं तर मरतातच, साध्या बादलीलाही वास सुटतो. पाहुण्यांचं घर आहे तर बादलीवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, कोण काय टाकेल सांगता येत नाही.

रावेर_केळीवाला

आखाजीच्या आधी तयार खत काढून घ्या म्हणजे टब हलका होईल. काढायच्या आधी चारपाच दिवस पाणी बंद, मग सावलीतच पण उजेडाच्या जागी प्लॅस्टिकच्या कागदावर माल ओता आणि त्याचे छोटे ढीग करा. गांडुळं उजेडाला भिऊन तळाला जातात, तुम्ही वरून हाताने खत काढत राहा, जरा थांबा, परत काढा. शेवटी खाली नुसता गांडुळांचा गोळा उरतो. हे सकाळी सातच्या आत उरका, नंतर कागद तापतो. चाळायचं असेल तर बारीक चाळणी नको, कोकून वरच्या चाळात राहतात आणि लोक तो चाळ फेकून देतात, तो परत टबात घाला. काढलेलं खत सावलीतच ठेवा, उन्हात वाळवलं की त्यातले जिवाणू मरतात.

गांडुळं जास्त झाली असतील तर निम्मी त्या माठात घाला, निम्मी टबात. एका जागी काही झालं तर दुसरीकडे राहतात. आणि काही कमी पडलं तर तुमच्या जवळच ममुराबादला कृषी विज्ञान केंद्र आहे, आमच्या तालुक्यात पालला आहे, तिथे जाऊन विचारा, या कामातली माणसं भेटतात. खांब लागला तर इथे लिहा, आमच्याकडून जळगावला माल रोज जातो, ड्रायव्हरजवळ देऊन टाकीन.

पिंप्राळ्याचं_अंगण

दादा, खांब नक्की पाठवा, दोन फाका पुरतील. माठ आज कुंभारवाड्यातून आणला, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलाय. रविवारी सकाळी लवकर उठून ढीग करणार आहोत, सासूबाईंनी खत काढायचं काम स्वतःकडे घेतलंय.